सज्ज्याखालचे मानकरी

आमच्या घराण्याने ज्ञानाच्या सत्कारात कधीही कसूर केलेली नाही. ज्ञानाचे ऐकून घेण्याची वेळ येते, तेव्हाच नेमके घराण्याला दुसरे काम निघते. म्हणून घराण्याची लेक लोसालीने (यातला ‘ने’ नावातलाच) ऑकलंडहून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन आमच्या बेटांच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या विमानतळावर, उतरली, तेव्हा तिच्या गळ्यात इतके हार पडले की तिला पुढचे काही दिसेना. ती पुढचे काही पाहू शकत नाही, याचा सर्वांना मनापासून आनंद झाला.

शनिवारी तिच्या सन्मानार्थ मेजवानी होती. अंगणातल्या खड्ड्यात भट्टीचे दगड तापत होते, सळईवर डुकराची पिल्ले फिरत होती, आणि चर्चचा पितळी बँड गणवेश घालून तयार होता. सोहळ्याचा मुख्य भाग मात्र जमिनीवर व्हायचा नव्हता. घराच्या दर्शनी बाजूला वरच्या मजल्यावर गेल्या वर्षी काँक्रीटचा सज्जा बांधला होता. त्याला खाली एकही खांब नव्हता आणि तेच त्याचे सौंदर्य होते. तिथे लोसालीनेची आत्या कालोलाइने बसायची होती, आणि तिच्या मागे बँड उभा राहायचा होता.

आमच्या बेटांवर बापाच्या थोरल्या बहिणीला ‘नाही’ म्हणता येत नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. म्हणूनच आजवर कुणाला तो खोडता आलेला नाही.

ज्या मुलीसाठी हे सारे चालले होते, ती त्या वेळी सज्ज्यावर गुडघे टेकून भिंतीलगतच्या एका बारीक भेगेत नख घालून बघत होती.

“लोसालीने! खाली ये बघू,” आई सिसिलिया अंगणातून ओरडली. “पाहुणे यायला लागतील, आणि तू गुडघ्यांवर काय करतेस? प्रार्थना उद्या आहे.”

“आई, ही भेग कधीची?”

“कुठली भेग? तिथं चटई घालणारच आहोत.”

लोसालीने खाली आली आणि सज्ज्याखाली जाऊन वर पाहू लागली. “इथे टेकू होते ना? फोनवर तू घर दाखवायचीस, तेव्हा मला दर वेळी दिसायचे.”

“होते. तुझ्या मामानं गेल्या आठवड्यात काढले एकदाचे. वर्षभर नुसतं काढतो, काढतो. मेजवानी आली म्हणून मीच मागे लागले. रंग द्यायचा होता.”

“ते टेकू आहेत कुठे?”

सिसिलियाने भट्टीकडे बोट दाखवले. “छान वाळलं होतं गं लाकूड.”

मोसेसे हा सिसिलियाचा धाकटा भाऊ. गावात बांधकामे घेई, आणि उरलेल्या वेळात गावाच्या रग्बी संघाला हरायला शिकवी. त्याच्या आळसाने जो सज्जा वर्षभर तोलून धरला होता, त्याचा आधार त्याच्या उत्साहाने एका दुपारीत काढून घेतला. आळसाचे हे सामाजिक योगदान कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही.

*

मोसेसे परसात नारळ खवत बसला होता. शेजारी लोसालीनेचे वडील पाउलियासी समारंभाला नेसायची नवी चटई कमरेला गुंडाळण्याच्या खटपटीत होते.

“मामा, सज्ज्यातल्या सळया कुठे बांधल्या होत्यास?”

“आली परीक्षा घ्यायला,” मोसेसे खूश होऊन म्हणाला. “वरच्या अंगाला. अगदी नकाशात होत्या तशा. मला काय शिकवतेस?”

“वरच्या अंगाला का असतात, माहीत आहे?”

“नकाशात असतात म्हणून.”

लोसालीनेने आईच्या हातात रताळ्यांची टोपली दिली. “आई, हात सरळ पुढे कर. आता धर ही. कुठे ओढ लागते?”

“खांद्यात. वरच्या बाजूला. अगं, उचल ना, जड आहे!”

“हाच सज्जा. बाहेर काढलेला हात. वरची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब कितीही सोसतं, पण ताणलं की फाटतं. तो ताण झेलायला लोखंड वर हवं. आणि भेग वरच पडली आहे. म्हणजे लोखंड वर नाही.”

“वरच बांधलं होतं!” मोसेसेला हा घाव खरोखर लागला. “माझ्या हातानं बांधलं. खाली दगडांचे तुकडे लावून उचलून धरलं होतं. हवं तर तुझ्या बाबांना विचार.”

“मग काँक्रीट ओतेपर्यंत मधे काय झालं?”

“काही नाही.”

“असं कसं काही नाही?” सिसिलियाला राहवले नाही. “आशीर्वाद नाही का झाला? वन्सं आल्या होत्या ना, चर्चचं सगळं महिला मंडळ घेऊन.”

“कुठे आल्या होत्या?”

“वर. प्रार्थना केली, गाणं झालं, आणि मग वन्सं नाचल्या. काय नाचल्या गं! तू असायला हवी होतीस.”

“कशावर नाचल्या?”

“चटईवर,” मोसेसे म्हणाला.

“चटई कशावर होती?”

मोसेसेने नारळाचा खव बारकाईने पाहिला. “सळयांवर,” तो म्हणाला. मग त्याला बाजू सावरावीशी वाटली. “पायाला टोचू नये म्हणून जाड चटई घातली होती. नवी कोरी.”

“आणि मग मंडळातल्या बायका पण नाचायला लागल्या,” सिसिलिया म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्याइतका अभिमानी राहिला नव्हता.

“बाबा, तुम्ही तरी?”

“मी काही पाहिलं नाही,” पाउलियासी घाईघाईने म्हणाले. “भावानं बहिणीचा नाच बघायचा नसतो. मी पाण्याच्या टाकीमागे उभा होतो. तोंड मळ्याकडे.”

“नाच संपल्यावर सळया परत उचलल्या का, मामा?”

“काँक्रीटची गाडी येऊन उभी होती, आणि कालोलाइनेताई वरून हलेनात. मी काय म्हणू त्यांना? ‘ताई, जरा बाजूला व्हा, तुमच्या आशीर्वादानं लोखंड बसलं’ म्हणू?”

चार वर्षांत लोसालीने पुष्कळ काही शिकली होती. माती किती दबते, पाणी कुठून वाट काढते, वारा छपराला खालून कसा उचलतो, आणि प्रत्येक वस्तू शेवटी कुठल्या भाराला शरण जाते, हे ती कागदावर मांडून दाखवू शकत होती. लोक, सामान, वारा, भूकंप असे सर्व भार तिला मोजता येत. आत्या हा भार कुठल्याही तक्त्यात नव्हता.

“ऐका,” ती म्हणाली. “उपाय आहे. बाहेरच्या कडेला खालून भक्कम खांब द्यायचे. मग तो हात राहत नाही, दोन टोकांना टेकलेली फळी होते. फळी वाकते तेव्हा ताण खालच्या अंगाला पडतो, आणि लोखंड आता खालीच आहे. आत्याला चार माणसांबरोबर खुशाल बसू दे. बँड मात्र खाली. त्याचं वजन आणि ते ठेक्यात आपटणारे पाय मला वर नकोत.”

“वा!” मोसेसे उठलाच. “मग झालंच की. कुणाला काही सांगायलाच नको.”

“कारण विचारलं तर?” पाउलियासी म्हणाले.

“त्यांनी कारण विचारलं तर ते मी बघते,” सिसिलिया म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात नणंदेला कारणे देण्यात तिचा हातखंडा होता. खरी कारणे त्यात फारशी नसत.

लोसालीनेला राग आला. पण टेकू लागणे महत्त्वाचे, असे तिने स्वतःला समजावले. शहाणी माणसे नेमकी याच वाक्याने गप्प होत आली आहेत.

*

मोसेसेने डुकरांच्या कुंपणाचे वासे उपसून आणले आणि घाईने सज्ज्याखाली उभे केले. त्यांना अजून मूळच्या रहिवाशांचा वास येत होता. चौथा वासा बसतो न बसतो तोच फाटकातून कालोलाइने आत आली. कमरेला आजीच्या काळची, कडा झिजलेली, म्हणूनच अमूल्य अशी चटई, हातात पंखा, मागे सुना. बँडने घाईघाईत एक सूर काढला आणि तो तिच्या नजरेने परत घेतला.

तिने वाशांकडे पाहिले.

“हे काय?”

“शोभेसाठी, वन्सं,” सिसिलिया पुढे झाली. “फुलं गुंडाळायची आहेत.”

“झेंड्यांसाठी,” मोसेसे त्याच क्षणी म्हणाला.

पाउलियासींनी बहिणीकडे न पाहता, रिवाजाप्रमाणे भिंतीला उद्देशून सांगितले, “दुपारी वारा सुटतो म्हणतात.”

“फुलं, झेंडे आणि वारा.” कालोलाइनेने पंखा मिटला. “एका वाशामागे तीन-तीन कारणं सांगायला लागलात, म्हणजे खरं एकही दिसत नाही. अख्खं गाव जेवायला येतंय, आणि मी डुकरांच्या कुंपणावर बसू? काढा ते.”

मोसेसे पुढे झाला. विचार करून नव्हे. आत्याबाईंनी ‘काढा’ म्हटले की आमच्याकडचे हात आपोआप हलतात. त्याने पहिल्या वाशाला हात घातला.

“मामा, हात लावू नकोस.”

अंगण थांबले. सळई फिरवणाऱ्यांची सळईसुद्धा थांबली. एका पिल्लाची एकच बाजू करपू लागली, तरी कुणी हलले नाही.

“काय म्हणालीस?” कालोलाइनेने विचारले.

“वासे राहू देत, आत्या. ते काढले आणि तुम्ही वर बसलात, तर सज्जा तुटेल.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते.”

कालोलाइने मोसेसेकडे वळली. “लोखंड खाल्लंस?”

मोसेसेने बहिणीकडे पाहिले, बहिणीने लोसालीनेकडे. त्या नजरेत विनवणी होती: असेच राहू दे. मोसेसेची अब्रू तशीही गावात फार मोठी नव्हती; आणखी थोडी गेली तर कुणाला कळलेही नसते. मोसेसेही मनातून तयार झाला. आपण चोर ठरलो तर संध्याकाळपर्यंत लोक विसरतील, पण ताईंमुळे घर बिघडले हे कळले तर त्यांच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत ते निघत राहील, असा त्याचा हिशेब होता.

“हो ताई,” तो म्हणाला. “माझंच जरा कमी पडलं.”

“नाही पडलं,” लोसालीने म्हणाली. “लोखंड पुरेसं होतं, आणि जिथे हवं तिथेच बांधलं होतं. मामाचं काम चोख होतं. तुम्ही त्यावर नाचलात, आत्या. त्यामुळे ते खाली दबलं.”

सळईवरची पिल्ले सोडून अंगणातल्या सर्वांनी माना खाली घातल्या.

कालोलाइनेला ती दुपार आठवली. पायांखालची चटई आधी लवचिक वाटली होती. मग काहीतरी खचले, पुन्हा खचले, तारा तुटाव्यात तसा बारीक आवाज आला. हे असेच असते की काय, म्हणून तिने नाचता नाचता चेहऱ्यांकडे पाहिले होते. जिकडे पाहावे तिकडे हसू आणि टाळ्या. त्या चेहऱ्यांवर भरवसा ठेवून ती आणखी एक कडवे नाचली.

“मोसेसे,” ती हळूच म्हणाली. “त्या दिवशी मी तुझ्याकडे पाहिलं होतं. तेव्हा तू काय केलंस?”

“टाळ्या वाजवल्या, ताई.”

“सळया वाकताना दिसत होत्या?”

“दिसत होत्या.”

“सिसिलिया?”

“वन्सं, तुम्ही इतक्या सुंदर नाचत होता की...”

“म्हणजे टाळ्या. आणि माझा भाऊ?”

“मी टाकीमागे होतो,” भिंतीला सांगण्यात आले.

“दिसलं नसेल. सळया बांधलेल्या तारा तुटत होत्या, त्या ऐकू आल्या?”

“आल्या,” पाउलियासी भिंतीला म्हणाले.

कालोलाइनेचा चेहरा पाहून सुना दोन पावले मागे सरल्या. पण ती भाचीकडे वळली, तेव्हा तिच्या आवाजात नुसती चौकशी होती.

“चार वर्षं हेच शिकवलं का तुला?”

“हे पहिल्याच वर्षी शिकवतात, आत्या. पुढची वर्षं हेच अवघड आकड्यांत सांगतात.”

“आणि हे माझ्या तोंडावर सांगायचं कुठल्या वर्षी शिकवतात?”

“ते नाही शिकवत.”

“वाटलंच.” कालोलाइनेने सज्ज्याकडे पाहिले, वाशांकडे पाहिले, आणि मग रस्त्यापलीकडच्या मैदानाकडे पाहिले. “टेकू लागणार तर मग नीट लागू देत. डुकरांचे वासे नकोत. ते रग्बीचे खांब आणा, पांढरे आहेत, बरे दिसतील.”

“ताई!” मोसेसे संघाचा प्रशिक्षक या नात्याने कळवळला. “पुढच्या शनिवारी सामना आहे!”

“तुझ्या संघाला त्यांचा काय उपयोग? चेंडू त्यांच्या मधून गेलेला मी कधी पाहिलेला नाही.”

खांब आले. लोसालीनेने मापे घेतली, ते कापून घेतले, खाली जाड फळ्या टाकल्या, माथ्यावर आडवी तुळई दिली, आणि स्वतःच्या हाताने पाचरी ठोकल्या. पाहुणे जमले, त्यांनी पांढऱ्या खांबांचे कौतुक केले, आणि अशी शोभा आपल्याही घराला हवी, असे दोघा-तिघांनी बोलून दाखवले.

“आता भक्कम?” कालोलाइनेने विचारले.

“भक्कम. तुमच्यासह पाच माणसं. बँड खाली.”

“आणि खाली कुणी बसलं तर?”

“बसू देत. मी जबाबदार.”

“छान.” कालोलाइने पायऱ्यांकडे निघाली आणि मध्येच थांबली. “मग त्या दिवशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांची पानं या सज्ज्याखाली मांडा. टाकीमागे जे उभे होते त्यांचंही. मानाची जागा आहे, बरं का. माझ्या थेट खाली.”

*

आमच्या घराण्याच्या इतिहासात इतके मानकरी इतके गप्प कधी जेवले नव्हते. केळीच्या पानांवर डुकराचे मांस होते, नारळाच्या दुधात मुरवलेले मासे होते, भट्टीतून काढलेली सुरणे वाफाळत होती. सर्वांच्या नजरा छताकडे होत्या. वर खुर्ची सरकली की खाली घास थांबत.

“ती उजवीकडची पाचर जरा सैल नाही वाटत?” मोसेसेने विचारले.

लोसालीनेने उठून ठोकून दाखवली. “घट्ट आहे.”

“तिसऱ्यांदा ठोकलीस ना? बरं झालं. चौथ्यांदा ठोकलीस तर बिघडेल का?”

“अगं, ताण खाली म्हणालीस,” सिसिलिया म्हणाली, “मग भेग पडली तर खालून पडेल? म्हणजे इथून? माझ्या डोक्यावरून?”

“पडणार नाही. खाली लोखंड आहे.”

“किती खाली?”

ज्या माणसांनी तिची पदवी हारांनी झाकली होती, त्यांना आता तिच्यातला प्रत्येक तास हवा होता. लोसालीनेने सुरणाचा लांबट तुकडा घेतला, दोन वाट्यांवर आडवा ठेवला आणि मधोमध बोटाने दाबला. तो वाकला आणि खालच्या अंगाने तडकला. मग तिने मांस टोचायची काडी खालच्या बाजूने खोचून दुसरा तुकडा दाबला. तो लवला, पण तडकला नाही.

“पुन्हा दाखव,” मोसेसे म्हणाला. वर्षानुवर्षे नकाशावरून सळया बांधणाऱ्या या माणसाच्या चेहऱ्यावर प्रथमच विद्यार्थ्याची भूक होती. “काडी वरून खोचली तर? थांब, मी करतो.”

पाउलियासींनीही एक सुरण पुढे ओढले. भिंतीला काहीही न सांगता त्यांनी थेट मुलीला विचारले, “आणि भिंतीपाशी तो आधीच फाटलाय, त्याचं काय?”

“भिंतीवर त्याला नीट टेकायला जागा आहे, बाबा. म्हणूनच पाचच माणसं. जास्त नको. सोमवारी भिंतीलगतही खांब देऊ.”

हे सर्व ऐकणारे अंग चोरून जवळ सरकले. ऑकलंडच्या वर्गात शेवटच्या बाकांवर झोपणारे असत, असे लोसालीनेने फोनवर आईला सांगितले होते. इथे झोपायला कुणी तयार नव्हते.

वर मात्र कालोलाइनेचे जेवण छान चालले होते. वारा होता, समुद्र दिसत होता, आणि खांब हलले नव्हते. तिने कठड्यावरून वाकून अंगणाकडे पाहिले. बँडवाले उन्हात घामाघूम वाजवत होते.

“अरे, उन्हात कशाला मरता?” तिचा आवाज सज्ज्यावरून अंगणभर पसरला. “एवढे छान खांब दिले आहेत पोरीनं. या सगळे वर!”

बँडने वाजवणे थांबवले. तुतारीवाल्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आत्याबाईंनी बोलावले होते. त्याचा पाय विचार करून उचलला गेला नव्हता.

आणि सज्ज्याखालून, मोसेसेच्या, सिसिलियाच्या आणि महिला मंडळाच्या अख्ख्या रांगेच्या तोंडून एकाच वेळी आरोळी उठली:

“नाही!”

त्यात पाउलियासींचा आवाज सर्वांत मोठा होता, आणि तो भिंतीकडे तोंड करून आलेला नव्हता.

तुतारीवाला गोठला. अंगणातले पाहुणे हातातला घास हातात धरून वर बघू लागले. आपण काय बोलून बसलो, हे कळून सज्ज्याखालच्यांचे चेहरे पांढरे पडले. लोसालीनेने एका हाताने खांब धरला होता. आता कुठला भार कुठून येईल, हे तिलाही सांगता आले नसते.

वर खुर्ची सरकली, आणि कालोलाइने परत बसली.

“बरं,” ती म्हणाली. “राहू देत खाली.”

पंखा हलवत ती समुद्राकडे पाहत राहिली. तिला साठीत ‘नाही’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकायला मिळाला होता, आणि तो खालून वरपर्यंत इतका स्पष्ट ऐकू येतो, हे तिला ठाऊक नव्हते.